ऐकायला बंदी नाही

त्या दिवशी मी केरेआमाकडे गेले होते ती खरं तर भांडं परत द्यायला. त्याच्या बायकोने, मरामाने, रविवारी पुडिंग पाठवलं होतं. ते संपलं, भांडं घासून झालं, आणि रिकामं कसं द्यायचं म्हणून त्यात चार स्कोन, घरी भाजलेले गोडसर पाव, घालून मी निघाले. लान्स केरेआमा आमच्या टोतारा क्रीकचा एकुलता एक पोलीस. त्याच्या घराची पुढची खोली म्हणजेच चौकी. तिथे एक टेबल, एक वायरलेस, आणि खिडकीत मरामाच्या जिरेनियमच्या कुंड्या.

स्कोन हातात पडल्यावर मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय रे लान्स, घरात बसून तुमचं बोलणं ऐकणं हा गुन्हा आहे का? म्हणजे पोलिसांचं, बंबाचं, अँब्युलन्सचं?"

"तुझ्या मर्वच्या स्कॅनरबद्दल विचारतेयस ना?"

"कुणाच्याही."

तो हसला. "ऐकायला बंदी नाही. हवेतून आलं, कानावर पडलं, तर पडलं. पण ते आपल्यासाठी नव्हतं एवढं लक्षात ठेवायचं. कुणाला सांगायचं नाही, त्यावरून उठून कुठे जायचं नाही. आणि असं काही आपण ऐकलं, हेसुद्धा बोलायचं नाही. राजधानीतल्या, वेलिंग्टनच्या शहाण्यांनी कायदाच तसा केलाय."

"म्हणजे ऐकून पोटात ठेवायचं."

"बरोबर. तुला जमलं नसतं, नोल."

मीही हसले. पण मला जे हवं होतं ते मिळालं होतं. घरी येताना मी तो कायदा मनात पुन्हा पुन्हा घोकत आले.

तुम्ही म्हणाल, सख्ख्या नवऱ्याच्या वाईटावर टपलेली ही कसली बायको! म्हणा. मी काही स्वतःला चांगलं म्हणवून घ्यायला हे सांगत नाहीये.

मर्व वीस वर्षं गावच्या बंबावर होता. पगारी नव्हे, स्वयंसेवक. भोंगा वाजला की भरल्या ताटावरून उठायचा, एका पायात बूट, दुसरा हातात. दिवसा तो खाणीत असायचा आणि खाणीनेच शेवटी त्याची छाती खाल्ली. डॉक्टरांनी बंब बंद केला. बाकीच्यांनी त्याला मेजवानी दिली, पाठीवर थापा दिल्या आणि त्याचं हेल्मेट काढून घेतलं. त्यानंतर भोंगा वाजला की तो खिडकीशी जाऊन उभा राहायचा. बंब वळणाआड जाईपर्यंत त्याचे ओठ हलत असायचे. कोण कुठे बसलाय, कोणी काय विसरलंय, तेच असणार.

मग ग्रेमाउथहून त्याने तो स्कॅनर आणला. दुसऱ्यांचे वायरलेस पकडणारा काळा डबा, वर एक तार, पुढे पळणारे लाल दिवे. गॅरेजात रंगाच्या डब्यांच्या फळीवर त्याची स्थापना झाली. पहिले दोन महिने मला बरंच वाटलं. माणूस कशात तरी रमला.

मग एकदा जेवताना तो म्हणाला, "आज ती दमलेली वाटत होती."

"कोण?"

"कंट्रोलवाली. वायरलेसवरून गाड्या पाठवते ना, ती."

दुसऱ्या आठवड्यात तिला सर्दी झाली होती. त्याच आठवड्यात मी चार दिवस तापाने फणफणत होते आणि या गृहस्थाने मला विचारलं होतं, आज मटण का नाही?

"काय म्हणाली मग तुझी ती?" मी विचारलं.

"ते सांगता येत नाही, नोल. कायदा आहे." आणि तो कपाच्या कडेवरून हसला.

ते हसणं मी ओळखत नव्हते. एकोणतीस वर्षांच्या संसारात ते माझ्या वाट्याला कधी आलंच नव्हतं. मला वाटलं, बाहेरून कोणी बाई घरात आली असती तर निदान तिचे केस धरता आले असते. आवाजाचं काय धरायचं?

मी दाराआडून ऐकायला लागले. चार वाजता चहाचा कप घेऊन जायचं आणि गॅरेजच्या दाराशी थबकायचं. आत बहुतेक वेळा पुरुषांचे आवाज खरखरत असायचे. गाडी कुठे आहे, रस्ता बंद आहे, वगैरे. पण एका दुपारी खरखर अचानक थांबली. अशी थांबली की गॅरेजच्या पत्र्यावर चालणाऱ्या पक्ष्याच्या नख्या ऐकू आल्या. आणि त्या शांततेत एक बाई बोलली. आवाज डब्यातून आल्यासारखा वाटतच नव्हता. अगदी जवळचा, मऊ, थोडा श्वास मिसळलेला.

"चालू आहे?" ती म्हणाली. थोडं थांबून पुन्हा, "चालू आहे?"

आणि मर्व हळूच म्हणाला, "चालू आहे."

दाराखालच्या फटीतून ओल्या चिकणमातीचा वास आला. नुकतीच उकरल्यासारखी गार माती. त्या वेळी आमच्याकडे पंधरा दिवस थेंब पडला नव्हता. असं आमच्या किनाऱ्यावर वर्षातून एकदा झालं तर झालं.

मी दार ढकललं. लाल दिवे पळत होते. मर्वचा चेहरा चोरी पकडल्यासारखा.

"कोणाशी बोलत होतास?"

"या डब्यातून बोलता येत नाही," तो म्हणाला. "फक्त ऐकता येतं."

हे सगळं त्या भांडं परत देण्याच्या आधीचं. भांडं देऊन आल्यावर मी वाट बघू लागले. मर्व कधी घसरतो, ऐकलेलं कधी वापरतो, याची.

फार थांबावं लागलं नाही. जूनमधला, ऐन थंडीतला मंगळवार होता, दुपारचे अडीच. मी स्वयंपाकघरात कपडे वाळत घालत होते. मर्व गॅरेजातून निघाला तो घरच्या सपाता घालूनच. ज्या माणसाला जिना चढताना दोनदा बसावं लागायचं, तो चढाच्या रस्त्याने धावत होता. वरच्या आळीला टिल्डा व्हीलन एकटी राहायची, एक्याऐंशी वर्षांची. सकाळपासून ती स्वयंपाकघरात भांड्यांच्या कपाटाखाली अडकून पडली होती. मर्वने ते कपाट उचललं. कसं, ते देवाला माहीत. आणखी तासभर गेला असता तर म्हातारी हाती लागली नसती, असं डॉक्टर म्हणाले.

गावभर मर्वचं नाव झालं. तुला कळलं कसं रे, असं जो तो विचारी. मर्व सांगे, "तिच्या धुराड्यातून धूर दिसला नाही."

टिल्डाचं धुराडं आमच्या घरातून दिसत नाही. मधे टेकाड आहे.

"तिनेच सांगितलं ना?" मी त्याला विचारलं. "काय म्हणाली? माझ्यासमोर सांग. एकदाच सांग, मर्व."

"नोल... कायदा आहे."

दुसऱ्या दिवशी मी चौकीत गेले. या वेळी भांडंबिंडं काही नव्हतं.

केरेआमाने सगळं ऐकून घेतलं. "तू तक्रार करतेयस? मर्वची?"

"कायदा आहे ना?"

त्याने खुंटीवरची टोपी काढून डोक्यावर घातली. ती टोपी तो फक्त अंत्यविधीला आणि कोर्टात घालायचा.

गॅरेजात आम्ही तिघं उभे राहिलो. केरेआमाने घसा साफ केला. "मर्व, टिल्डाबद्दल तू वायरलेसवर काय ऐकलंस?"

मर्वने डब्यावरची तार सरळ केली.

"कारण काल दुपारभर माझा वायरलेस चालू होता. टिल्डाचा कॉल आलाच नाही. आला असता तर मीच गेलो नसतो का? तिचा फोन शनिवारच्या वाऱ्यापासून बंद आहे."

"त्या बाईने सांगितलं असेल," मी म्हटलं.

"कोणत्या बाईने?"

"कंट्रोलवरच्या."

केरेआमाने माझ्याकडे पाहिलं, मग मर्वकडे. "नोल, आपल्या भागाला कंट्रोलवर तीन जण आहेत. तिघंही पुरुष. मी सहा वर्षं इथे आहे. बाई कधीच नव्हती."

मर्वने स्वतःच वायर काढली, डब्यावरची धूळ बाहीने पुसली आणि डबा केरेआमाच्या हातात दिला. मग माझ्याकडे वळून, अजिबात राग न ठेवता, त्याने विचारलं, "तुला काय वाटतं, ती या डब्यात होती?"

फाटकापाशी केरेआमा मला म्हणाला, "त्याने एक जीव वाचवला गं."

"मला माहीत आहे," मी म्हटलं आणि फाटक लावून घेतलं.

शनिवारी मी टिल्डाकडे सूप घेऊन गेले. मनाला टोचत होतं म्हणून म्हणा, किंवा काहीतरी काढून घ्यायचं होतं म्हणून म्हणा. म्हातारी उशांना टेकून बसली होती, हात निळाजांभळा पडलेला. बाहेर पाऊस सुरू झाला होता.

"मर्व येणार हे मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "कोरली म्हणाली ना, लाइनवर थांब, टिल्डा, मर्व निघालाय."

"कोरली कोण?"

हे मी उगीच विचारलं. गावात ते नाव माहीत नाही असं कोणी नव्हतं. सभागृहात तिची पितळी पाटी आहे. कोरली नेर्न, टेलिफोन ऑपरेटर. बासष्टच्या वादळात टेकडी खचायला लागली तेव्हा ती एक्स्चेंजमध्ये बसून एकेका घराला फोन लावत राहिली, बाहेर पडा म्हणून. सगळी घरं रिकामी झाली. टेकडी आली ती एक्स्चेंजवर. दर वर्षी त्या तारखेला पाटीखाली फुलं ठेवतात. मीही ठेवली आहेत.

"मी बेशुद्धीत काही ऐकलं असेन, असं डॉक्टर म्हणतो," टिल्डा म्हणाली. "ऐकू दे त्याला काय ऐकायचंय ते. मी काय कोरलीचा आवाज विसरेन? बोलता बोलता लाइनवर मधेच यायची आणि विचारायची, चालू आहे? चालू आहे? सगळ्याच ऑपरेटर विचारायच्या. उत्तर आलं नाही की बोलणारे गेले असं समजायचं आणि लाइन तोडायची. पण हिचं विचारणं इतकं गोड, की गावातली पोरं मुद्दाम गप्प बसायची."

मी चमचा खाली ठेवला.

"बिचारा मर्व," टिल्डा बोलतच होती. "ईस्टरला लग्न होतं त्यांचं. अंगठीसुद्धा आणली होती. आणि त्यानेच तिला मातीतून उकरून काढायचं... हेडफोन तसेच होते गं कानाला." मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून ती थबकली. "तुला सांगितलं होतं ना त्याने?"

"हो तर," मी म्हटलं. "सांगितलं होतं."

मी या गावात आले ती लग्न होऊन, डोंगरापलीकडून. गावातल्या प्रत्येकाला माहीत होतं. माझ्या लग्नात नाचलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. मी ज्या पाटीखाली फुलं ठेवत होते, तिच्याकडे मर्व माझ्या खांद्यावरून बघत होता. जिवंत सवतीला म्हातारपण येतं, तिची कंबर दुखते, ती चिडते. हिचं वय बावीसच राहणार होतं.

मी पिशवी भरली. डोंगरापलीकडे माझी बहीण राहते, तिच्याकडे जाऊन बसायचं ठरवलं. परत यायचं की नाही ते नंतर बघू. निघताना गॅरेजात डोकावले. मर्व पाठमोरा उभा होता, रिकाम्या फळीसमोर. मान किंचित एका बाजूला कललेली. कोणी कानाशी बोलत असलं की माणूस जशी कलवतो, तशी.

मी गाडी काढली.

आमची गाडी जुनी हिलमन. तिला रेडिओ कधी बसवलाच नव्हता. तीन वाजून गेले असतील. घाटात पाऊस आडवा येत होता आणि ढग रस्त्यावर उतरले होते. तिसऱ्या वळणावर समोरचा डोंगर हलल्यासारखा वाटला. मला वाटलं, डोळ्यांत पाणी आहे म्हणून. मग रस्ताच बाजूला सरकला. आवाज फार झाला नाही. गाडी मातीबरोबर खाली गेली, शांतपणे, उतारावरून चादर ओढल्यासारखी, आणि दोन बीच झाडांच्या मधे नाक खाली करून अडकली.

शुद्ध होती. उजवा पाय पुढच्या पत्र्यात दाबला गेला होता. खाली ओढा होता, आणि त्याचं पाणी घोट्यापर्यंत आत आलं होतं. वर रस्ता दिसत नव्हता, फक्त पांढरं. मी हाका मारल्या. पावसात त्या मलाच नीट ऐकू आल्या नाहीत. मी कुठे निघाले आहे हे कोणालाही सांगितलेलं नव्हतं.

गाडीत ओल्या मातीचा वास भरला होता. त्याचं काही नाही, दरडच कोसळली होती.

पण मग पाऊस थांबला. म्हणजे काचेवर तो पडताना दिसत होता. त्याचा आवाज थांबला होता. माझ्या डाव्या कानाजवळ, हातभर अंतरावर, कोणीतरी श्वास घेतला.

"चालू आहे?"

मी मान वळवली नाही. समोरच्या तडकलेल्या काचेकडे बघत राहिले. भीती वाटली, नाही असं नाही. पण खरं सांगू? भीतीच्या आधी राग आला. हिच्याकडे मागायचं? हिच्याकडे? त्यापेक्षा पाणी बरं. मी ओठ घट्ट मिटले.

घड्याळात तीन चाळीस झाले होते. पाणी पिंढऱ्यांपर्यंत आलं. ते इतकं गार होतं की भाजल्यासारखं वाटत होतं.

"चालू आहे...?"

या खेपेला तिने थोडं जास्त थांबून विचारलं. मला टिल्डाचं बोलणं आठवलं. उत्तर आलं नाही की बोलणारे गेले असं समजायचं. पाणी गुडघ्याला लागलं. मी दातांनी ओठ धरून ठेवला होता, त्यातून रक्त आलेलं चवीने कळलं.

"...चालू आहे," मी म्हटलं.

"नाव?"

"नोलीन."

"पूर्ण नाव."

"नोलीन हार्टिगन."

पलीकडे काही नाही. मग, "मिसेस?"

"हो," मी म्हटलं. "मिसेस हार्टिगन. मर्वची बायको."

बोर्डावरच्या वायरींवरून कोणी सावकाश हात फिरवावा, तसा आवाज तेवढा येत राहिला.

"कुणाला जोडू?"

मला रडू फुटलं. "त्यालाच जोड गं... दुसरं कोण आहे मला?"

"लाइनवर थांबा."

खूप लांब कुठेतरी घंटी वाजू लागली. आमच्या घरची. बैठकीतल्या फोनची घंटी मी झोपेतही ओळखेन. ती वाजत राहिली.

"घंटी वाजतेय," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "तो उचलत नाहीये."

"परत लाव..."

"लावतेय."

पाणी मांडीवर आलं. मला पाय जाणवेनासे झाले. घंटी वाजतच होती. मग तिने विचारलं, आणि या वेळी तो आवाज ऑपरेटरचा नव्हता, एका मुलीचा होता.

"किती वर्षं झाली?"

"कशाला?"

"लग्नाला."

"एकोणतीस."

"मुलं?"

"नाहीत."

"बराच वेळ बोललात," ती म्हणाली.

त्यानंतर काही नाही. घंटीही नाही. पावसाचा आवाज एकदम परत आला, कानठळ्या बसतील असा. पाणी कमरेपर्यंत चढलं, मग पोटाला लागलं. मी डोळे मिटून घेतले. किती वेळ गेला, ते घड्याळाने नंतर सांगितलं. वरून मर्वचा आवाज आला तेव्हा चार पंचवीस झाले होते. तो माझं नाव घेऊन ओरडत होता आणि मधे मधे खोकत होता. केरेआमा दोर कमरेला बांधून खाली उतरत होता.

ग्रेमाउथच्या इस्पितळात, पाय प्लॅस्टरमध्ये घातल्यावर, केरेआमाने मला सांगितलं. मर्व चौकीत आला तो भिजलेला, आणि त्याने नेमकं सांगितलं. घाटातलं तिसरं वळण, दोन बीच झाडांच्या मधे. लवकर.

तो गेल्यावर मी मर्वला विचारलं, "तुला कसं कळलं?"

या वेळी त्याने कायदा सांगितला नाही. माझ्या पांघरुणाची कडा सारखी करत म्हणाला, "फोन वाजला."

"आणि?"

"तिने विचारलं, मिसेस हार्टिगनचा कॉल आहे, घेणार का?"

"तू काय म्हणालास?"

"घेतो म्हटलं."

"लगेच?"

"पहिल्याच घंटीला उचलला, नोल. मी फोनजवळच उभा होतो."

आमच्या घरापासून चौकीत जायला पाच मिनिटं. चौकीतून घाटात यायला दहा. मी पाऊण तास पाण्यात बसून होते आणि घंटी वाजताना ऐकत होते. एक तर तिने मला मुद्दाम ताटकळत ठेवलं, किंवा तो फोनसमोर उभा राहून ती वाजू देत होता. मर्वच्या डोळ्यांकडे मी खूप वेळ पाहिलं. त्यांत मला फक्त काळजी दिसली. पण ती कुणाची, हे मला आजही शपथेवर सांगता यायचं नाही.

आठ दिवसांनी मी कुबड्यांवर घरी आले. त्याच सकाळी गावकऱ्यांनी आमची हिलमन ओढ्यातून काढून अंगणात आणून टाकली होती. दुसरीकडे ठेवायला जागा नव्हती. दुपारी मर्व पाव आणायला गेला, आणि केरेआमा मागच्या दाराने स्वयंपाकघरात आला. त्याच्या बगलेत स्कॅनर होता. तो त्याने टेबलावर ठेवला.

"तक्रार मी लिहिलीच नव्हती," तो म्हणाला. "ठेव त्याचा त्याला."

मी चहा ओतला. त्याने कप हातात घेतला, पण प्यायला नाही.

"ऐकलेलं सांगायला बंदी आहे," तो म्हणाला. "पाहिलेलं सांगायला नाही. म्हणून सांगतो. त्या दिवशी गाडीत तू एकटीच होतीस ना?"

"एकटीच."

"मग डाव्या सीटचा पट्टा कोणी लावला?"

"तो कधीच लावलेला नसतो. तिथे कोण बसतंय?"

"लावलेला होता." त्याने कप खाली ठेवला. "त्या रात्री ओढा गाडीवरून गेला, नोल. छपरापर्यंत चिखल आहे आत. त्या एका सीटवर नाही. आणि पट्टा घट्ट ओढलेला... बारीक अंगाच्या माणसाच्या मापाचा. बटण दाबलं, सुटेना. शेवटी सुरीने कापला."

"मग?"

"कापला तरी तो पडला नाही." केरेआमाने ओठांवरून जीभ फिरवली. "तसाच राहिला. हवेत. कुणाच्या तरी अंगावर असावा तसा. आणि मग सावकाश... एका बाजूने सैल होत गेला. कोणी उठून उतरावं तसा."

शेगडीतला कोळसा खाली बसला. आम्ही दोघंही दचकलो.

"कधी कापलास?" मी विचारलं.

"आत्ता. येता येता." त्याने खिडकीकडे बोट केलं, पण स्वतः तिकडे पाहिलं नाही. "इथेच, तुमच्या अंगणात."

मी कुबडीची मूठ घट्ट धरली. "मर्वला सांगू नकोस."

"नाही सांगत. घाबरेल उगाच."

"घाबरणार नाही," मी म्हटलं. "आनंद होईल त्याला."

फाटक वाजलं. मर्वची पावलं पावसात, ओल्या अंगणातून यायला लागली आणि गाडीपाशी येऊन थांबली. पाव भिजत असेल, एवढंच माझ्या मनात आलं. केरेआमा माझ्याकडे बघत होता, मी दाराकडे. बराच वेळ मर्व आत आला नाही.